वीस अंश

इतवारीतल्या दुकानात सहा दिवस चेहरे.
हनुवटी वर. दोन्ही कान दिसले पाहिजेत.
टिकली चालते बाई, हसू चालत नाही.
सातव्या दिवशी हे भाजी आणायला जायचे
आणि दोन तासांनी परतायचे
एकच वांगं घेऊन.

घरात माणसं पाच.

कॉटन मार्केटातली यमुना निनावे मला सांगायची,
तुमचे हेडाऊ मास्तर वांगं दाबून नाई पाहत जी,
उन्हात धरून फिरवत राह्यतात
पोट्टी पाहाले आल्यासारखे.

थंडीत शिंगाडे असायचे,
तळ्याचा चिखल न धुतलेले.
शंभरातून एक निवडायचा, उरलेले आम्ही उकडायचे.
एकदा अर्धं फुटलेलं कवठ.
एकदा सावरीचं बोंड, त्याचा कापूस
आठवडाभर साऱ्या घरात, डाळीतसुद्धा.
संत्रं कधीच नाही.
मी विचारलं, काहून?
म्हणाले, रंग काढून घेतला की त्यात उरतं काय,
वरच्या मजल्यावरच्या धकातेंचं नाक.

वांग्याखाली पोराची दगडी पाटी,
मागे माझं काळं लुगडं, ज्याची घडी मोडायची नाही.
कॅमेरा तयार, हे तयार,
पण मागच्या गल्लीत पावरलूम.
चाळीस माग एकदम चालले
की आमच्या घरात पाण्याला सुद्धा काटा यायचा.
म्हणून वाट बघायची, लाइट जाण्याची.
अख्खं नागपूर मे महिन्यात लाइट गेली की शिव्या देतं.
आमच्याकडे एक माणूस
हळूच म्हणायचा, गेली.

पंखा थांबला. माग थांबले.
मी खिडकीसमोर, हातात स्टीलचं ताट,
अंधाऱ्या कडेवर उजेड टाकायला.
थोडं वर.
अर्धं बोट खाली.
आता राहू द्या.
बावीस मिनिटं.
घाम कानामागून निघाला, मानेवर आला,
पुढे कुठे कुठे गेला ते सांगत नाही.
वांगं तेवढं कोरडं, थंड,
पाण्यातून नुकतंच वर आलेल्या जनावराच्या पाठीसारखं,
आणि हे त्याच्याकडे असे बघत
की मला ताट टाकून द्यावंसं वाटलं.
टाकलं नाही.

रात्री न्हाणी बंद.
बाहेर त्रेचाळीस, आत औषधाला हवे वीस.
थोरला गांजाखेतातून बर्फ आणायचा,
तरटात, भुशात गुंडाळून, पळत,
तरी दारापर्यंत येता येता लादीची वीट व्हायची.
पोरं म्हणायची, आई, एक तुकडा.
एक तुकडा मिळायचा, तिघांत.

हे गेले त्याला आता नऊ वर्षं.
परवा धाकटीनं खोका काढला,
सुटकेसच्या खाली, नेप्थलीनच्या वासाचा.
तीनशेच्या वर फोटो, एकातही माणूस नाही.
वांग्याचा मी ओळखला, देठावरच्या खरचटीवरून.
काळ्या पाठीवर पांढरी खिडकी,
वाकलेली, गजांसकट.
धाकटी म्हणाली, आई, गजांत काहीतरी आहे.
रिटचिंगचं भिंग शोधलं.
खिडकीत तांदळाएवढी एक बाई उभी,
पदर खोचलेला,
दोन्ही हातांत एक ठिणगी धरलेली.

कान दिसत नाहीत.

पोरी हसल्या, मीही हसले.
मागे यांच्या अक्षरात तारीख, भिंगाचा आकडा,
बावीस मिनिटं, आणि
लाइट: गेलेली.
बाईबद्दल काही नाही.
त्यांना दिसली होती की नव्हती,
आता कोणाला विचारू.

तीच ती रात्र असणार.
वांगं मी शेगडीवर ठेवलं,
पाच जणांना पुरावं म्हणून कांद्याची पात दोन जुड्या.
साल तडकली, फुगली,
ओल्या बोटांनी ती काळी काळी सोलून काढली
आणि राखेत टाकली, एवढी चकाकणारी.
पानं वाढून आवाज दिला.
न्हाणीतून, लाल फटीमागून, उत्तर आलं:
दार नका उघडू,
आत्ताच दिसायला लागलंय.